क्लॉज ओळखायचा तर आधी क्रियापद

स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरण पुन्हा काढलं, तेव्हा गाईडमध्ये क्लॉजची, म्हणजे वाक्यातल्या स्वतःचं क्रियापद असलेल्या शब्दसमूहाची, व्याख्या होती: एकटा उभा राहून पूर्ण अर्थ देतो तो मेन क्लॉज, दुसऱ्यावर अवलंबून असतो तो सबऑर्डिनेट. वाचायला छान. पण 'व्हॉट ही सेड इज ट्रू' या वाक्याला ती लावून बघा. 'व्हॉट ही सेड' बाजूला काढलं की उरतं नुसतं 'इज ट्रू'. ते कुठे एकटं उभं राहतंय? इथे अख्खा सबऑर्डिनेट क्लॉजच 'इज'चा कर्ता होऊन बसलाय.

मग मी अर्थाचा नाद सोडला आणि पेन्सिल घेऊन आधी क्रियापदांखाली रेघा मारायला लागले. तीही सगळी नाहीत, काळाप्रमाणे बदलतात तेवढीच. 'टू गो', 'गोइंग' असली रूपं सोडून द्यायची. जितकी क्रियापदं, साधारण तितके क्लॉज. असं क्रियापद नसेल तर ती फ्रेज, मग कितीही लांबलचक असो. 'आफ्टर अ लाँग अँड टायरिंग जर्नी फ्रॉम नागपूर' ही फ्रेज, आणि 'आफ्टर ही लेफ्ट' हा तीनच शब्दांचा क्लॉज. 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'अंटिल' दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर विसंबू नये.

खरी डोकेदुखी पुढे होती. सबऑर्डिनेट आहे हे कळलं, पण कोणता? 'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज': काय माहीत आहे? म्हणजे नाउन क्लॉज. 'द हाऊस व्हेअर ही लिव्ह्ज इज ओल्ड': कोणतं घर? अ‍ॅडजेक्टिव्ह. 'स्टे व्हेअर यू आर': कुठे थांबायचं? अ‍ॅडव्हर्ब. पहिल्या दोन वाक्यांत क्लॉज शब्दशः तोच, काम मात्र निराळं. कोणत्या शब्दानंतर कोणता क्लॉज येतो याचा तक्ता मी भिंतीवर चिकटवला होता, तो उतरवला.

कधी तर जोडणारा शब्दच गायब असतो. 'द मॅन आय मेट येस्टरडे इज अ डॉक्टर' यात 'हूम' गाळलाय. पण 'मेट' आणि 'इज' या दोघांखाली रेघ पडली की दोन क्लॉज आपोआप दिसतात.

आणखी एक खोड आपल्या मराठीतूनच येते. जरी म्हटलं की मागोमाग तरी हवंच, त्यामुळे 'ऑल्दो' लिहिलं की हात पुढे 'बट' लिहायला शिवशिवतो. इंग्रजीत दोनातलं एकच चालतं: 'बट' दोन बरोबरीचे क्लॉज जोडतो, 'ऑल्दो' एकाला दुय्यम करतो. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत ही जोडी दिसली की मी बाकीचं वाक्य वाचतही नाही.