पत्र्याच्या पिंपातला धूर

मांस धुरावर शिजवण्यासाठी घरीच स्मोकर बनवायचे ठरवले, तेव्हा माझे सारे लक्ष पिंपावर होते. जाळी किती उंचीवर बसवावी आणि झाकणाला मूठ कशी लावावी यात मी दोन आठवडे घालवले. हवा आत कुठून येणार आणि बाहेर कुठून जाणार, याचा विचार मात्र जेमतेम दहा मिनिटे केला. त्या दहा मिनिटांची किंमत पहिल्या कोंबडीने चुकवली. ती इतकी कडू झाली होती की जिभेवर बराच वेळ काजळीची चव राहिली.

पिंप 200 लिटरचे होते आणि त्यात पूर्वी खाद्यतेल साठवलेले होते. पिंप निवडताना एवढी चौकशी करावीच, कारण रसायनांचे पिंप कितीही धुतले तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. आगीजवळ तो फार तापला की त्यातून अपायकारक धूर निघतो. आतला रंग व अस्तर जाळून काढण्यासाठी मी पिंपात लाकडांचा मोठा जाळ केला, मग ते घासून धुतले आणि आतून तेलाचा पातळ हात दिला. तळाजवळ सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची तीन भोके पाडून त्यांना सरकती झाकणे बसवली. निखाऱ्यांची टोपली तळाशी आणि जाळी तिच्यापासून साठ सेंटिमीटर वर, एवढीच काय ती रचना.

चूक अशी झाली की धूर आत कोंडून राहावा म्हणून मी वरच्या झाकणाची भोके बंद केली. धूर कोंडला की निखाऱ्यांना प्राणवायू मिळत नाही, ज्वलन अपुरे राहते आणि दाट पांढऱ्या धुरातले डांबरासारखे कडू घटक मांसावर साचतात. खरा उपयोगी धूर पातळ, निळसर आणि जवळजवळ न दिसणारा असतो. म्हणून वरची भोके आता नेहमी उघडीच असतात आणि उष्णता केवळ खालच्या भोकांवरून सांभाळली जाते. लाकडाचे तुकडे भिजवण्याचा सल्लाही मी सोडून दिला. पाणी उडून जाईपर्यंत त्यांतून वाफच निघते. लाकूड कठीण, वाळलेले, फळझाडाचे किंवा ओकचे असावे. चीड, देवदार अशी राळयुक्त लाकडे आणि रंग लावलेल्या फळ्या पूर्णपणे वर्ज्य.

पुढच्या खेपेला मी डुकराच्या खांद्याचे तीन किलो मांस घेतले. जाळीच्या उंचीवर तापमापक लावून आतले तापमान 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवले. थोडेच निखारे पेटवून ते न पेटलेल्या कोळशावर ओतले, की आग सावकाश पसरते आणि तासन्‌तास टिकते. सगळे सुरळीत चालले असताना मांसाच्या गाभ्याचे तापमान 68 अंशांवर अडले आणि दोन तासांत जराही हलेना. आग विझली असावी असे वाटून मी झाकण तीनदा उघडले, म्हणजे उशीर आणखी वाढवला. प्रत्यक्षात पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाताना, घामाने अंग गार पडावे तसे, ते मांसाला थंड करत होते. अशा वेळी वाट पाहावी, नाहीतर मांस फॉइलमध्ये गुंडाळावे. खांद्यातला चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन होण्यास वेळ लागतोच, आणि 93 अंशांना तापमापकाची सुई लोण्यात जावी तशी आत गेली. कोंबडीला इतका वेळ नको; तिच्या गाभ्यात 74 अंश झाले की पुरे. शिजण्याची खूण म्हणून रंग मात्र पाहू नये, कारण धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे कडेचे मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहते.

स्मोकर उघड्यावरच पेटवावा. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. राख पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मी ती न चुकता काढतो. एकदा ती तशीच राहिली, तेव्हा पावसाच्या पाण्याने भिजून तिने तळाचा पत्रा गंजवला आणि तीनपैकी एक भोक बुजवून टाकले.