लेस पॉल, आपलं गॅदरिंग आणि स्टोअररूममधला आहुजा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत दे म्हणून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे मागे लागले तेव्हा मला कळेना लिहायचं काय, कारण मी ना बोर्डात आलो ना कबड्डीच्या टीममध्ये होतो, आणि सरांच्या छडीच्या आठवणी बाकीच्यांनी आधीच लिहून टाकल्यात. म्हणून मी अशा माणसाबद्दल लिहितो ज्याचा आपल्या शाळेशी काडीचा संबंध नाही, तरी मला तो कायम आपल्या गॅदरिंगच्या स्टेजमागचाच कोणीतरी वाटत आलाय. लेस पॉल, गिटार वाजवणारा आणि सतत काहीतरी खटपट करून नवीन जोडणारा अमेरिकन माणूस. गिटारवाल्यांना नाव माहीत असेल, बाकीच्यांनी जरा दम धरा.

मी बरीच वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉकिशॉ नावाच्या गावी राहतो, मिलवॉकीच्या पश्चिमेला. इथे हॉस्पिटलच्या स्कॅनिंग मशीनचं मोठं काम चालतं त्यामुळे आपली मराठी माणसं बऱ्यापैकी आहेत, गणपती वगैरे होतो. तर या गावात १९१५ साली हा जन्मला, खरं नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. त्याच्या पियानोच्या टीचरनं म्हणे आईला चिठ्ठी पाठवली की तुमच्या मुलाला संगीत काही जमणार नाही, उगाच पैसे घालवू नका. आईनं ती मनावर घेतली नाही. घरी आपोआप वाजणारा पियानो होता, भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारा, तर या पोरानं त्या कागदात स्वतःची भोकं पाडली आणि जे सूर कानाला बरे वाटले नाहीत त्यांच्यावर चिकटपट्टी लावून टाकली. म्हणजे एडिटिंग, आणि तेही शाळकरी वयात!

पुढे तो हायवेकडेच्या एका खाण्याच्या टपरीवर लोकांचं मनोरंजन करायला गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन उभा राहायचा, दोन्ही एकदम वाजवता यावं म्हणून माउथ ऑर्गनचा गळ्यात अडकवायचा स्टँडसुद्धा त्यानं स्वतःच वाकवून केला होता. कुणीतरी तक्रार केली की गाणं ऐकू येतंय पण गिटार येत नाही. झालं. घरी येऊन त्यानं रेकॉर्ड प्लेअरची सुई गिटारच्या लाकडात खुपसली, वायर रेडिओला जोडली आणि रेडिओतून गिटार वाजायला लागली.

आता तुम्हाला आपलं गॅदरिंग आठवतंय का? पत्र्याची शेड, स्टेजच्या दोन्ही बाजूला भोंगे, आहुजा कंपनीचा अॅम्प्लिफायर आणि अख्ख्या कार्यक्रमाला मिळून एक माईक. तो गाणाऱ्या मुलींपुढे ठेवला की बाईंची पेटी पहिल्या रांगेच्या पुढे जायची नाही, आणि पेटीपुढे ठेवला की मुली गायब. माझ्या बाकावरच्या मित्रानं (नाव लिहीत नाही, आज त्याचं तालुक्यात मंडप-साऊंडचं काम जोरात चाललंय, बॅचवाले ओळखतीलच) जुन्या ट्रान्झिस्टरचा कानात घालायचा इअरफोन चिकटपट्टीनं पेटीच्या पट्ट्यांच्या मागे आतल्या बाजूला बसवला आणि वायर आहुजाच्या दुसऱ्या सॉकेटात खोचली. इअरफोन उलटा माईक म्हणून चालतो हे त्याला कुठून कळलं देव जाणे. स्वागतगीताला पेटी पार गेटापर्यंत ऐकू आली, भात्याची धाप पण ऐकू आली, आणि दुसऱ्या कडव्याला जी कुईईई सुरू झाली की पाहुण्यांनी कानावर हात ठेवले. कार्यानुभवाचे सर स्टेजवर धावले, आम्हाला वाटलं आता वायर उपटणार आणि याला दोन ठेवून देणार, पण सरांनी शांतपणे जवळचा भोंगा पेटीकडून फिरवून मैदानाकडे केला. कुई बंद. परत जागेवर जाताना त्याच्याकडे बघून म्हणाले, चालू दे. त्या दोन शब्दांवर त्या पोराचं आयुष्य उभं आहे असं मला वाटतं, तो मान्य करत नाही ते सोडा.

ही जी कुई आहे ना, त्याच कुईच्या मागे लेस पॉल हात धुऊन लागला होता. गिटारचं अंग पोकळ, स्पीकरचा आवाज त्या पोकळीत शिरतो, तिला थरथरवतो, तो थरथराट परत स्पीकरमधून येतो आणि चक्र चालू होतं. त्यानं आधी गिटारमध्ये चिंध्या कोंबल्या, मग प्लास्टर ओतून पाहिलं. मग थेट रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणला, त्यावर एक तार ताणली आणि तिचा आवाज पकडायला खाली टेलिफोनमधला भाग बसवला. सूर संपता संपेना, कारण रूळ हलतच नाही आणि तारेची ताकद तारेतच राहते. पण घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काउबॉय तू कधी पाहिलास का, असं आईच म्हणाली आणि विषय संपला. मग १९४० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं चार बाय चार इंचाच्या लाकडी ठोकळ्याला तारा लावल्या, त्याचं नावच 'द लॉग', ओंडका. लोकांना तो आवडेना, तेव्हा एका जुन्या गिटारचे दोन अर्धे भाग ओंडक्याला दोन बाजूंनी चिकटवले आणि तेच संगीत लगेच लोकांना पसंत पडलं! लोक डोळ्यांनी ऐकतात, असं तो त्यावरून सांगायचा. गिब्सन कंपनीनं आधी त्याची टर उडवली आणि १९५२ मध्ये त्याच्या नावाची गिटार स्वतःच बाजारात आणली. भरीव गिटार एकट्या लेस पॉलनं शोधली असं सर्रास छापून येतं ते काही खरं नाही, त्याच काळात गिटार बनवणारा लिओ फेंडर आणि आणखीही काही जण त्याच गोष्टीच्या मागे होते, आणि गिब्सनच्या गिटारचं डिझाइन किती त्याचं किती कंपनीचं यावर अजून भांडणं चालतात.

माझ्या मते त्याचं खरं काम टेपवरचं. त्याच्या मशीनला एक जास्तीचा हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, लावलेला होता, आवाज पुसणाऱ्या इरेज हेडच्या आधी. म्हणजे टेपवरचं जुनं वाजलं, त्यात आत्ता वाजवलेलं मिसळलं आणि पुसून झालेल्या त्याच टेपवर दोन्ही एकत्र परत उतरलं. यात गोम अशी की पंधराव्या थराला चूक झाली की आधीचं सगळं गेलं, अनडू वगैरे प्रकार नाही. आणि दर वेळी जुन्या थरांचा आवाज थोडा मळायचा म्हणून तो कमी महत्त्वाचं आधी वाजवायचा, मुख्य आवाज सगळ्यात शेवटी. १९५१ मध्ये 'हाऊ हाय द मून' हे गाणं असं थरावर थर चढवून केलं ते नऊ आठवडे अमेरिकेत एक नंबरवर होतं. त्यातला सगळा कोरस एकटी मेरी फोर्ड आहे, त्याची बायको, तीच परत परत स्वतःच्या आवाजावर गायलीय, तेही तोंड माईकच्या अगदी जवळ नेऊन, जे तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. नवऱ्याच्या नावानं प्रदर्शनं झाली आणि तिचं नाव कंसात राहिलं याचा मला राग आहे. त्या काळात मुंबईत गायक, कोरस आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी एकत्र वाजवून गाणं रेकॉर्ड करायचे, आणि आज माझी भाची मोबाइलवर स्वतःच चार आवाजांत आरती म्हणते, ते याच वाटेनं आलंय.

हा गडी किती हट्टी तर १९४८ मध्ये बर्फात गाडी पुलावरून खाली गेली, उजव्या कोपराचा चुरा झाला, कोपर पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर डॉक्टरांना म्हणाला मग गिटार धरता येईल अशाच कोनात हात कायमचा बसवा. बसवला त्यांनी! म्हातारपणी संधिवातानं बोटं आखडली तरी न्यूयॉर्कच्या क्लबात दर सोमवारी वाजवायचा, थेट वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

ऑगस्ट २००९ मध्ये न्यूमोनियानं गेला. २१ तारखेला मिलवॉकीत तळ्याकाठच्या डिस्कव्हरी वर्ल्ड म्युझियममध्ये अंत्यदर्शन होतं, मी ऑफिसातून हाफ डे टाकून गेलो. शवपेटी बंद, दीडेक हजार माणूस येऊन गेला, आणि त्याच इमारतीतलं त्याच्या नावाचं ध्वनी-प्रदर्शन त्या दिवशी सगळ्यांना फुकट. माझ्या डोक्यात आपल्याकडची शोकसभा, दोन मिनिटं स्तब्धता, हारवाला फोटो आणि अर्धा दिवस सुट्टी. इथे माझ्यापुढे लाइनीत गिटारची केस पाठीवर घेतलेला एक पांढऱ्या वेणीचा आजोबा होता, शवपेटीपुढे टोपी काढून उभा राहिला, डोळे पुसले आणि तसाच नातवाला धरून प्रदर्शनाकडे गेला, पाच मिनिटांत दोघं तिथे खिदळत होते. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. मला आधी वाटलं, मग नाही वाटलं.

संध्याकाळी त्याला वॉकिशॉत प्रेअरी होम स्मशानभूमीत पुरलं, आईच्या गावात. नंतर इथल्या एका शाळेलाही त्याचं नाव दिलं, हायस्कूल अर्धवट सोडून रेडिओ बँडमध्ये पळालेल्या पोराचं! चिठ्ठी पाठवणाऱ्या पियानोच्या टीचर हे बघायला हव्या होत्या.

असो. समितीकडे एक काम आहे. कळलं की आपला आहुजा आणि ते दोन भोंगे अजून स्टोअररूममध्ये आहेत आणि नवीन साऊंड सिस्टिम आली की ते भंगारात देणार. देऊ नका प्लीज. कार्यानुभवाच्या तासाला टेबलावर ठेवा आणि आठवी-नववीच्या पोरांना उघडू द्या. स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची गन आणि मीटर मी पाठवतो, मंडपवाला मित्र महिन्यातून एकदा येऊन दाखवेल म्हणालाय, त्याच्याकडून मी कबूल करून घेतलंय. फक्त प्लग काढलेला आहे ना हे सरांनी स्वतः बघावं, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरला लगेच हात लावू देऊ नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. लेस पॉलला १९४१ मध्ये असाच जबरी शॉक बसला होता आणि सावरायला बराच काळ गेला होता.