बारा वर्षांच्या पिचरचे आकडे कसे बघायचे

माझा भाचा कुडाळला शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, आहे आणि मॅचला स्कोअरची वही माझ्याकडे असते, त्यामुळे बाकीचे पालक येऊन विचारतात की आमच्या पोराचं कसं चाललंय. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, स्पीड किती आहे? क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला तेच सुचणार, आणि इकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांत जो जोरात टाकतो त्याचंच नाव होतं. पण या वयात स्पीड मला सगळ्यात शेवटी बघावासा वाटतो. त्याआधी बघायचं ते स्ट्राइक किती पडतात आणि एकूण पिच किती झाले, बस्स.

पिच म्हणजे थ्रोच, कोपर वाकवून फेकलेला, त्यामुळे "फेकी टाकतोय" अशी ओरड इथे चालत नाही. झोनमध्ये, म्हणजे बेसच्या वर साधारण बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात आलेला किंवा बॅटरने फिरवून हुकवलेला तो स्ट्राइक, झोनच्या बाहेर गेला आणि बॅटरने सोडून दिला तर बॉल. तीन स्ट्राइक पडले की आऊट, चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, त्याला वॉक म्हणतात. आता वही लिहिताना बरेच जण इथे गडबडतात की फाऊल गेलेला आणि बॅटला लागून मैदानात गेलेला पिचसुद्धा स्ट्राइकमध्येच मोजायचा, अगदी त्याच्यावर हिट बसली तरी. मी प्रत्येक पिचला पेन्सिलने एक काडी मारतो, स्ट्राइक असेल तर काडीवर आडवी रेघ, इनिंग संपली की दोन्ही बेरजा समासात. 60 पिचमध्ये 36 स्ट्राइक म्हणजे 60 टक्के, आणि या वयाच्या पोराने एवढं केलं तर मी तरी खूश असतो.

ईआरए, म्हणजे अर्न्ड रनची सरासरी, सगळ्यांना ऐकून माहीत असतो, बोलरच्या इकॉनॉमीसारखा समजा, फक्त ओव्हरऐवजी पूर्ण मॅचच्या हिशोबाने. अर्न्ड रन गुणिले मॅचच्या इनिंग, भागिले टाकलेल्या इनिंग. मोठ्यांची मॅच 9 इनिंगची पण लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या अमेरिकेतल्या संघटनेत, बारा वर्षांपर्यंतच्या पोरांची 6 ची, म्हणून 6 नेच गुणायचं. समजा पोराने 4 इनिंग आणि वर एक आऊट काढला आणि 3 अर्न्ड रन दिले. वहीत ते 4.1 असं लिहितात, पण तो .1 म्हणजे दशांश नाही, एक तृतीयांश इनिंग, कारण इनिंग तीन आऊटची. 18 ला सरळ 4.1 ने भागलं की 4.39 येतं, खरा ईआरए 4.15. आणि कोणी मोबाईलवर 9 चं सूत्र लावलं तर तेच पोर 6.23 वर जातं, मग घरी उगाच तोंडं पडतात.

बरं, अर्न्ड म्हणजे काय तर फिल्डरच्या चुकीशिवाय जो रन झालाच असता तो. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) पायातून बॉल गेला, कॅचरच्या हातून सुटला, त्यावर आलेले रन पिचरच्या नावावर नाही पडत, वाइल्ड पिचवर, म्हणजे पिचरनेच कॅचरच्या आवाक्याबाहेर टाकलेल्या बॉलवर, आलेला मात्र पडतो. आमच्याकडे पावसानंतर लाल मातीचं ग्राउंड इतकं खडबडीत होतं की साधा ग्राउंडरसुद्धा कुठे उसळेल सांगता येत नाही, मग एरर द्यायचा की हिट हे स्कोअररच्या नजरेवर, म्हणजे ईआरएसुद्धा त्याच नजरेवर. म्हणून मी त्यावरून पोरांना जोखत नाही. विप बघतो, वॉक अधिक हिट भागिले इनिंग, आणि त्यातही वॉक वेगळे मोजतो, कारण हिटमध्ये फिल्डिंगचा आणि नशिबाचा भाग असतो, वॉक मात्र जवळजवळ पूर्ण पिचरचा.

आता खरा मुद्दा, पिच काउंट. लिटल लीगने 2007 पासून इनिंगऐवजी पिच मोजायला सुरुवात केली. 9-10 वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त 75, 11-12 ला 85, 13 ते 16 ला 95. आणि चौदा वर्षांपर्यंत विश्रांती अशी: 20 पर्यंत टाकले तर सुट्टी नको, 21 ते 35 ला एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, 66 किंवा जास्त असतील तर चार दिवस. आमच्या स्पर्धांत हे बंधन नसलं तरी मी आणि आमचे सर हेच पाळतो. या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढ चालू असते, तिथली कूर्चा ओढ सहन करत नाही, आणि तिथे दुखायला लागलं की मालिश करून परत उतरवायचं हे मला अजिबात पटत नाही, थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने 9 ते 14 वर्षांच्या पिचरांवर 10 वर्षं लक्ष ठेवलं, 2011 मध्ये ते छापून आलं, वर्षात 100 पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला.

पण आपल्याकडे वहीत न येणारे थ्रो फार असतात हो. सकाळी मॅचमध्ये 70 पिच टाकलेलं पोर संध्याकाळी वाडीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत बाउंड्रीवरून थ्रो मारत असतं, आणि मे महिन्यात तर आंब्यावर दगड दिवसभर चालूच. हाताला त्यातला फरक कळत नाही. चार दिवस विश्रांती म्हणजे त्या हाताने हे काहीच नाही, हे पोराला घरच्यांनीच सांगायला लागतं, सर वाडीत येऊन बघणार नाहीत.

आणखी एक, छोट्या टीममध्ये ज्याचा हात चांगला तोच पिचर आणि तोच कॅचर. कॅचर प्रत्येक पिचला बॉल परत फेकतो, म्हणजे त्याचाही हात चाललेलाच. लिटल लीगमध्ये 41 किंवा जास्त पिच टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही. आमच्याकडे दुसरा कॅचर नव्हता म्हणून सरांनी आता थर्ड बेसच्या पोराला पॅड बांधून प्रॅक्टिसला बसवायला सुरुवात केलीय, आणि मी वहीत कॅचरच्या इनिंगसाठीही एक रकाना आखलाय.