दोन मानसोपचारतज्ज्ञ, एक रुग्ण: मत जुळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. प्रश्न बहुधा असा येतो: एका डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, दुसऱ्यांनी बायपोलर (कधी खोल उदासी, तर कधी अतिउत्साह असा आजार). रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, मग हे सगळं डॉक्टरांच्या मनावरच असतं का?

तसं नाही. मतं वेगळी पडतात हे खरं, पण ती नेमकी कुठे पडतात हे बऱ्यापैकी मोजलेलं आहे, आणि बरीचशी तफावत कमीही करता येते.

आधी मोजमाप. 'शंभरातल्या ८४ रुग्णांबाबत दोघांचं एकमत झालं' हे वाक्य फसवं असू शकतं. समजा, दोन्ही डॉक्टर प्रत्येकी ९० जणांना 'लक्षण आहे' म्हणतात. मग नुसत्या योगायोगानेच ८२ जणांबाबत मत जुळेल. म्हणून जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कॅपा' वापरतात: योगायोगाच्या पलीकडे किती एकमत झालं ते तो सांगतो. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. वरच्या उदाहरणात कॅपा येतो फक्त ०.११. पहिल्या डॉक्टरांनी ज्या १० जणांना 'लक्षण नाही' म्हटलं, त्यांतल्या दोघांबद्दलच दुसऱ्यांचं तसं मत होतं!

अमेरिका आणि कॅनडात डीएसएम-५ च्या (मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-नियमावलीच्या) चाचण्या झाल्या, तेव्हा प्रत्येक रुग्णाला दोन डॉक्टरांनी काही तास ते दोन आठवडे इतक्या अंतराने, वेगवेगळं तपासलं. आघातानंतरच्या तणाव-विकाराचा (पीटीएसडी) कॅपा ०.६७ आला, बायपोलरचा ०.५६, स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराचा) ०.४६ आणि नैराश्याचा जेमतेम ०.२८. उलट आयसीडी-११ च्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या) चाचण्यांत दोन डॉक्टर एकाच मुलाखतीला बसले होते. तिथे स्किझोफ्रेनियाचा आकडा ०.८ च्या वर गेला. म्हणजे उत्तरं तीच ऐकली तर निष्कर्ष जुळतात. तफावतीचा मोठा भाग प्रश्न वेगळे विचारण्यात, आणि रुग्ण त्या दिवशी काय सांगतो यात असतो. बायपोलरचं तर हमखास असं होतं: 'कधी दोन-दोन रात्री न झोपताही तरतरी वाटली का, पैसे उधळले का?' हे एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलंच नाही.

मनःस्थितीच्या तपासणीत पेहराव-वागणूक, बोलणं, मनाचा भाव, विचार, भास, स्मरण-एकाग्रता, आजाराची जाणीव आणि निर्णयशक्ती असे भाग असतात. रुग्ण स्वतः सांगतो ते सहज जुळतं: आवाज ऐकू येतात का, मरणाचे विचार येतात का. डॉक्टरांना पाहून ठरवावं लागतं तिथे गडबड होते. चेहऱ्यावर भाव कमी, एवढं दोघांना दिसतं. पण तो आजार, थकवा, की औषध? भास-भ्रमांवरच्या हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन या औषधांनी चेहरा मख्ख होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाचं मनगट आणि कोपर हलवून ताठरपणा पाहावा, चालताना हात हलतात का ते पाहावं, गोळी कधी सुरू झाली ते विचारावं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं की 'भावनाशून्यता' अशी नोंद होते आणि औषध कमी व्हायचं ते वाढतं.

विचारशक्ती तपासायला म्हणींचा अर्थ विचारतात, ते मला तितकंसं पटत नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे'चा अर्थ सांगा म्हटलं की शाळेत पाठ केलेला माणूस घडाघडा सांगतो, शाळा न पाहिलेली आजी अडखळते. एकाग्रता पाहायला शंभरातून सात-सात वजा करायला लावण्याचंही तेच. तिथे वीसमधून एक-एक किंवा चाळीसमधून तीन-तीन बरं पडतं. कोणता प्रश्न दिला ते लिहिलं नाही, तर पुढच्या वेळची तुलना कुचकामी ठरते.

सगळ्यांत अवघड आजाराची जाणीव. 'करणी केली आहे, पण डॉक्टरांच्या गोळीने झोप लागते, ती मी घेणार,' असं म्हणणाऱ्याला कोणती श्रेणी द्याल? एक डॉक्टर शून्य जाणीव लिहितील, दुसरे अर्धवट. मला वाटतं, श्रेणीच्या शेजारी रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावं. पुढचा डॉक्टर स्वतः ठरवू शकतो. केसपेपरवर नुसतं 'भ्रम आहेत' असेल तर काहीच कळत नाही. 'शेजारी नळातून विष सोडतात, १०० टक्के खात्री आहे' असं असेल तर कळतं.

मोजपट्ट्यांनी फरक पडतो, पण त्या नीट वापरल्या तरच. पॅन्स या स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजणाऱ्या पट्टीत ३० बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे काहीच लक्षण नसलं तरी बेरीज ३० येते. ९० वरून ६० वर आलेल्याला ३३ टक्के सुधारणा म्हणणं चूक. ३० वजा करून ती ५० टक्के आहे. शिवाय गुण देणाऱ्यांचा हात हळूहळू सैल किंवा कडक होतो, म्हणून त्यांनी अधूनमधून एकच व्हिडिओ पाहून गुण ताडून घ्यावे लागतात.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही हे गांभीर्याने घेतलं आहे. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसताना दाखल करायचं, तर कलम ८९ नुसार दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच; दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. एकाने लिहिलेलं वाचून दुसऱ्याने सही केली, तर ती स्वतंत्र तपासणी नव्हे.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. घरात सोबत राहणारं माणूस न्या, झोपेच्या वेळा लिहून न्या. औषधांची यादी मात्रेसह आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते आधीच सांगा. पहिल्या डॉक्टरांचं निदान मात्र मुलाखत संपल्यावर दाखवा.