ग्रॅनाइटचा मांडव

आज स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियातील काम्बादोस गावी अल्बारिन्यो द्राक्षांच्या बागेत उभा असताना नाशिककडच्या मांडवांची आठवण झाली. फरक एवढाच, की येथील खांब लोखंडी अँगलचे नसून ग्रॅनाइटचे आहेत आणि त्यांवर शेवाळ चढले आहे. अटलांटिकवरून पाऊस वारंवार येत असल्याने वेल उंच चढवतात, म्हणजे घडांखालून वारा खेळता राहतो आणि बुरशी कमी धरते. या प्रदेशाला १९८८ मध्ये रियास बायशास या नावाने वाइनसाठी अधिकृत मानांकन मिळाले.

दुपारी बंदरावर या द्राक्षांची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाइन वाफवलेल्या मसल्सबरोबर, म्हणजे आपल्या शिनाण्यांच्या काळ्या भाऊबंदांबरोबर घेतली. आधी लिंबाची साल, मग किंचित पीच आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा खारटपणा. पापरिका भुरभुरलेल्या ऑक्टोपसपुढे मात्र ती मला जराशी दबलेली वाटली (येथील लोकांना हे मुळीच पटणार नाही). ओल्या खोबऱ्यात परतलेल्या, तिखट बेताचे घातलेल्या तिसऱ्यांबरोबर ती उत्तम जमेल, असे राहून राहून वाटत होते. म्हणून एक बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली आहे.