पत्रिकेवरची नावं मोजायची

बुधवार, रात्री

पुण्यात कामाच्या दिवशी फुकट किंवा नाममात्र शुल्कात ऐकण्याबघण्यासारखं काही नसतं, ही तक्रार मला पटत नाही. सदाशिव पेठेपासून डेक्कनपर्यंतच्या पट्ट्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान बहुतेक रोज कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं. अडतं ते कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका अर्धवट वाचल्यामुळे. हल्ली ती व्हॉट्सॲपवर येते. आपण वार, वेळ, स्थळ बघतो आणि दुसऱ्यांना पाठवून मोकळे होतो. कामाचा मजकूर नेमका उरलेल्या ओळींत असतो.

आधी नावं मोजायची. एक वक्ता, एक विषय आणि फार तर एक अध्यक्ष असेल, तर कार्यक्रम वेळेवर सुरू होणार असं धरून चालावं. पाच-सहा नावं, त्यांत ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’ आणि ‘विशेष सत्कार’ असेल, तर हिशेब बदलतो. एका सत्काराला दोन मिनिटं सहज जातात: नाव पुकारायचं, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग फोटोवाला म्हणतो “इकडे बघा” आणि सगळं पुन्हा एकदा. वर दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक. सहाच्या पुस्तक प्रकाशनात प्रमुख पाहुणा बोलायला उभा राहीपर्यंत पावणेसात-सात होतात. म्हणजे हिंजवडी-खराडीच्या ऑफिसातून सुटून येणाऱ्याला उलट हाच कार्यक्रम सोयीचा! एकट्या वक्त्याचं व्याख्यान मात्र पाऊण तास उशिरा पोचलं की संपल्यात जमा.

‘चहापान ५.३०’ असं असेल तर चहा आधीच मिळणार, नंतर नाही. संयोजक तो मुद्दाम आधी ठेवतात. नंतर ठेवला तर लोक उशिरा येतात आणि आभाराच्या आधीच कपाकडे निघतात. बाहेरच्या टेबलावर नवं पुस्तक बहुधा त्या दिवसापुरतं सवलतीत असतं. घ्यायचं असेल तर आत जातानाच घ्यावं. संपल्यावर टेबलाभोवती सह्यांची गर्दी होते, सुट्टे संपलेले असतात आणि जाड भिंतींच्या सभागृहात फोनची रेंज गेली की पैसे पाठवणं तिथेच अडतं.

‘विनामूल्य प्रवेशिका’ हा शब्द तेवढा जपून वाचावा. प्रवेशिका हातात आहे म्हणजे खुर्ची आहे असं नाही. फुकट नेलेल्यांतले बरेच जण येत नाहीत, म्हणून त्या खुर्च्यांपेक्षा जास्त वाटल्या जातात. मग एखाद्या दिवशी सगळेच येतात आणि दारात वाद होतात. खाली बारीक अक्षरात ‘१० मिनिटे आधी आसनस्थ व्हावे’ असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या. त्यांच्या मागे, कडेची खुर्ची ही उत्तम जागा. मधेच निघायचं असेल तर सत्कार चालू असताना निघावं, भाषण चालू असताना नाही.

गुरुवार

ठिकाणांबद्दल थोडं. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर, रविवारची वाट न बघता रोज. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद, तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात कविता आणि पुस्तकांचे कार्यक्रम. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात चित्रं बघायची तर कामाच्या दिवशी दुपारीच जावं. चित्रकार बहुधा तिथेच बसलेला असतो आणि बोलायला मोकळा असतो. शनिवार-रविवारी तो ओळखीच्यांच्या गराड्यात सापडतो. मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत कमी गर्दीची आणि सगळ्यांत जास्त देणारी जागा म्हणजे १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. तिथल्या पाक्षिक सभेत निबंध वाचला जातो. निबंध कधी कधी रटाळ असतो, हे कबूल. खरी मजा नंतरच्या प्रश्नांत. मागून कोणीतरी शांतपणे विचारतं, “या पत्राचं साल तुम्ही कशावरून धरलंत?” आणि मग शक, हिजरी, तिथी-वार यांचा मेळ तिथल्या तिथे घातला जातो. म्हणून निबंध संपला की लगेच उठू नये.

ऑफिसवाल्यांच्या यादीत कीर्तन सहसा नसतं, ते असायला हवं. सदाशिव पेठेत नारद मंदिर आहेच, शिवाय चातुर्मासात आणि उत्सवांत पेठांतल्या कितीतरी देवळांत कीर्तनं असतात. नारदीय कीर्तनाचे दोन भाग: पूर्वरंगात अभंग किंवा पद घेऊन निरूपण, उत्तररंगात त्याच विषयावर आख्यान. मध्ये बुवांना बुक्का लावतात, हार घालतात आणि नामाचा गजर होतो. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ही मधली वेळ गाठावी. आख्यान तिथूनच सुरू होतं, त्यामुळे काही तुटल्यासारखं वाटत नाही. शेवटी आरतीचं तबक फिरतं. किती टाकायचे हे कोणी बघत नाही, पण दहा-वीसच्या नोटा खिशात असाव्यात. पाचशेची नोट काढून तबकातले सुट्टे घेणं बरं दिसत नाही.

शुक्रवार

बैठकीच्या गाण्याला पायमोजे घालून जावं, फरशी गार असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागे खुर्च्या असतात, पण त्या मोजक्याच, आणि वीस मिनिटं आधी भरलेल्या. बडा ख्याल, म्हणजे रागाचा संथ लयीतला मोठा भाग, चालू असताना उठू नये. एक राग संपून तानपुरे पुन्हा लावायला घेतात, ती उठायची वेळ.

गाडी नेणार असाल तर पेठांतल्या रस्त्यांवरच्या पी १ आणि पी २ या पाट्या बघा: विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. काल जिथे गाडी लावलेली चालली तिथेच आज लावली की टोइंगवाला उचलतो, आणि फुकटचा कार्यक्रम नाटकाच्या तिकिटाहून महाग पडतो. पाऊस नसेल तर स्वारगेट किंवा मंडई स्थानकावर उतरून चालत जाणं बरं.