आजोबांचं विसरणं नेमकं कधी सुरू झालं?

धाकट्या काकांना गंगापूर रोडला न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, वय जेमतेम ५१, तर डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, तुमच्या वडिलांना हे कुठल्या वयात सुरू झालं? कोणालाच सांगता येईना. आत्या म्हणे पन्नाशीत, मोठे काका म्हणे छे, पासष्टीनंतर, साठी बुद्धी नाठी वगैरे. ही म्हण मला आता डोक्यातच जाते, तिच्यामुळे कोणी वय लक्षातच ठेवत नाही.

आणि वयावरच तर सगळं असतं ना. बहुतेकांचा डिमेन्शिया (रोजचे व्यवहारही जमेनासे होतील इतकी स्मरणशक्ती-बुद्धी ढासळणं) एका जीनमुळे होत नाही, म्हातारपणी होतो. पण मोजक्या घरांत पीएसईएन१, पीएसईएन२ नाहीतर एपीपी या जीनमध्ये बदल असतो, आईकडून किंवा वडिलांकडून एक प्रत आली की पुरे, प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, आणि आजार, म्हणजे अल्झायमर, बहुतेक वेळा पासष्टीच्या आतच येतो.

तरी वडिलांना ज्या वयात झालं त्याच वयात मुलाला होईल असं काही नाही, अंदाज तेवढा येतो. कोलंबियात अँटिओक्वियाला पीएसईएन१ मधला एकच बदल असलेली मोठी घराणी आहेत, डॉ. फ्रान्सिस्को लोपेरांनी आयुष्यभर त्यांच्यावर काम केलं. तिथे साधारण ४४ ला विसरणं, ४९ ला डिमेन्शिया. पण त्यातल्याच एका बाईंना सत्तरीपर्यंत काही झालं नाही! अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिनं साचतात, त्यांच्या मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं, टाऊ मात्र कमी. २०१९ मध्ये छापून आलं की त्यांच्याकडे एपीओई जीनचा क्राइस्टचर्च नावाचा दुर्मिळ प्रकार दोन्ही प्रतींत होता. २०२४ मध्ये त्याच घराण्यांतल्या, क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास आला, त्यांचा आजार सरासरी पाचेक वर्षं उशिरा. उलट याच जीनचा एपीओई४ हा प्रकार असला की सहसा लवकर.

आता आत्या वही घेऊन बसलीये. रामकुंडावरच्या गुरुजींच्या चोपडीत पणजोबांपासून सगळ्यांची नावं मिळाली, आजार अर्थातच नाहीत. पण तिला आठवलं की २००३ च्या सिंहस्थात आजोबा रामकुंडावरून घरचा रस्ता चुकले होते, गर्दीमुळे असेल म्हणून सगळे हसले होते. शाळेच्या दाखल्यावर जन्म १९४७. म्हणजे ५६.

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले आधी काउन्सेलिंग, मग टेस्ट, तीपण आधी काकांचीच, मुलांची अठरा पूर्ण झाल्यावर आणि त्यांना हवी असेल तरच.